केर कळला, वोखं नाही

शनिवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. पलीकडे फ्राउ हेबर्ले. वय शहाऐंशी, मुक्काम आमच्या होफमधलं सात नंबरचं घर, आणि फोन हे यंत्र फक्त मयत आणि प्लंबर एवढ्याच कामांसाठी आहे अशी बाईंची पक्की समजूत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाल्या, "हेर काळे, डेर होफ इश नेट केर्ट." अंगण झाडलेलं नाही. आता सांगायलाच हवं, मी त्यावर काय बोललो ते... मी म्हणालो, "मग लष्कर बोलवा! हेलिकॉप्टरं मागवा!" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसलो. पलीकडून तेच वाक्य पुन्हा, एकही शब्द न बदलता, फक्त जरा सावकाश. आणि त्याला जोडून, "पाटी माझ्या दारावर आहे. फ्राउ योगा आल्या नाहीत."

फ्राउ योगा म्हणजे आमच्या सुमनवहिनी. सुमन माधव जोगळेकर. जर्मन माणूस 'ज'ला 'य' म्हणतो आणि 'ळ'शी त्याचं सात पिढ्यांचं वैर, त्यामुळे जोगळेकरचं योगालेकर झालं आणि योगालेकरचं योगा. बाईंनी उभ्या जन्मात एक आसन केलं नाही, पण अर्धं गाव त्यांना रस्त्यात अडवून पाठदुखीवर उपाय विचारायचं. 'अर्धं गाव' हे माझं माप. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "भावजी, तीन माणसं. त्यातला एक तुम्ही." गेली चाळीस वर्षं मी फेकायचं आणि त्यांनी कापायचं, अशी आमची कामाची वाटणी होती.

त्यांच्या फ्लॅटची एक किल्ली माझ्याकडे असे. होफच्या मागच्याच गल्लीत, चार मिनिटांवर. बहात्तरीचा मी, गुडघे दोन्ही बदललेले, तरी धावलो. वहिनी दारापाशीच्या खुर्चीत बसल्या होत्या. एका पायात बूट होता, दुसऱ्या बुटाची नाडी हातात होती. खराटा दाराला टेकवून ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, सहाच्या सुमाराला हृदय थांबलं असावं, काही कळलंही नसेल. मी ती नाडी त्यांच्या बोटांतून सोडवली आणि... पुढचं मला नीटसं आठवत नाही. मला न आठवण्याची ही पहिलीच वेळ. एरवी न घडलेलंही मला लख्ख आठवतं.

होफ म्हणजे काय ते आधी सांगतो. नेकारसुल्मच्या अलीकडे आमचं द्राक्षमळ्यांचं गाव. तिथे काही शतकांपूर्वी एका वाइनवाल्याच्या विधवेने गावातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी बारा घरं बांधली. मधे अंगण, अंगणात चेस्टनटचं झाड, भोवती बारा दारं. भाडं नावापुरतं. बदल्यात दोनच अटी: तिच्या नावाने रोज एक प्रार्थना म्हणायची, आणि पाळी येईल त्या आठवड्यात अंगण झाडायचं. हे सगळं चालवणाऱ्या न्यासाच्या वहिनी शेवटची सात वर्षं अध्यक्ष होत्या. पगार शून्य, कटकटी बारा घरांच्या. पुण्याच्या त्यांच्या बहिणी तिकडे सांगत सुटायच्या, "आमची सुमा वृद्धाश्रम चालवते." की वहिनी फोनवर लाल! "वृद्धाश्रम नाही गं. किल्ली ज्याची त्याच्याकडे असते इथे." स्वतःकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या असूनही त्या प्रत्येक दारावर टकटक करून थांबायच्या. चार नंबरचे आजोबा कानाने अधू, दार उघडायला दहा मिनिटं लावायचे. पावसातसुद्धा ही बाई छत्री धरून दहा मिनिटं उभी. मी म्हणायचो, "अहो वहिनी, किल्ली आहे ना, उघडा की." त्या म्हणायच्या, "घर त्यांचं आहे, भावजी. येऊ द्या सावकाश."

नव्या माणसाला घर देताना इथे पाव आणि मीठ देतात. वहिनी त्यात गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घालायच्या. दोघांनी त्या गुळाने अंघोळ केली असं मी सांगतो. वहिनींच्या मते एका आजोबांनी तो साबण समजून फक्त वास घेतला होता.

ह्या बाईचं आणि झाडूचं नातं मात्र फार जुनं, होफच्याही आधीचं. माधव आणि मी इथल्या मोटारींच्या कारखान्यात, एकाच विभागात होतो. तो लग्न करून वहिनींना घेऊन आला तो भर हिवाळ्यात. बर्फ तिसऱ्या मजल्यापर्यंत... बरं, गुडघ्यापर्यंत. माधव सकाळी कामावर गेला, वहिनींनी दार उघडलं, तर मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली. वर झाडूचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'केरवोखं'. जर्मनचं अक्षर येत नव्हतं, पण रोमन लिपी लावत लावत त्यांनी वाचलं: के, ई, एच, आर... केर! संध्याकाळी माधवला सांगतात कशा, "अहो, इथेही केरच म्हणतात हो!" आता गंमत बघा, बाईंचं काही चुकलं नव्हतं. इथे केरेन म्हणजे खरंच झाडणं. फक्त पुढच्या 'वोखं'चा अर्थ आठवडा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या ह्या श्वाबेन प्रांतात ही पाटी दर आठवड्याला पुढच्या बिऱ्हाडाच्या दारावर जाते. वहिनींना वाटलं, नव्या सुनेकडे घराचा केर सोपवलाय. त्यांनी पाटी ठेवून घेतली आणि सलग तीन महिने, रोज, तिसऱ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत जिना झाडला. बर्फसुद्धा झाडला. बिल्डिंगमधले लोक आधी खूश झाले, मग अस्वस्थ, मग पार हवालदिल. पाळी गेलेला श्वाबियन म्हणजे ताटावरून उठवलेला पाहुणा! शेवटी खालच्या मजल्यावरच्या एक बाई कॅलेंडर घेऊन वर आल्या, सात दिवसांवरून बोट फिरवत ओरडायला लागल्या, "वोखं! वोखं!" वहिनींना वाटलं बाईंना मळमळतंय. हाताला धरून आत बसवलं आणि आल्याचा चहा पाजला.

त्या बाई म्हणजेच फ्राउ हेबर्ले.

पुढे माधव गेला, त्याच्या आधी हेर हेबर्ले गेले होते, ती बिल्डिंग पाडली, आणि फ्राउ हेबर्लेंना होफमध्ये सात नंबर मिळालं. मग त्यांचे खांदे गेले. हात कमरेच्या वर जाईना, दोन पावलांवर दम. आणि विधवाबाईंच्या त्या जुन्या दानपत्रात एक शब्द आहे, 'झेल्ब्स्ट'. स्वतः. जो पाळीचं अंगण स्वतः झाडील, त्यालाच मरेपर्यंत घर. ज्याला झाडता येईना, त्याने किल्ली परत करायची आणि शुश्रूषागृहात जायचं. एका शब्दासाठी आजवर किती जण त्या फाटकातून रडत बाहेर पडले असतील... ह्याचा आकडा मी फुगवणार नाही, कारण मला तो माहीत नाही.

वहिनी खोटं बोलत नसत. चहा गार असेल तर यजमानाला सांगणाऱ्यांतल्या. मग त्यांनी काय केलं? फ्राउ हेबर्लेंची पाटी आली की शनिवारी साडेसहाला खराटा घेऊन सात नंबरला हजर. म्हातारीला दारात खुर्ची द्यायची, खराटा तिच्या हातात द्यायचा, तिने बसल्या बसल्या एक फटकारा मारायचा. एकच. चेस्टनटची दोन पानं सरकायची. मग उरलेलं अख्खं अंगण वहिनी झाडायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळीच दिली. "वहिनी, मी जन्मभर थापा मारतोय, पण इतकी स्वच्छ थाप नाही जमली मला!"

"थाप नाही ही," त्या म्हणाल्या. "त्यांनी स्वतः झाडलं. मी फक्त राहिलेलं झाडलं. गेनाऊ, अगदी तेवढंच लिहिलंय कागदात." मग खराट्यावर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "पण हे फार दिवस नाही चालायचं, भावजी. एका माणसाचं असतं तर झालं असतं. आता पाच दारं आहेत माझ्याकडे. तो शब्दच काढायला हवा."

तो शब्द काढण्यासाठी त्या चार वर्षं झटल्या. जुनी लिपी वाचायला शिकल्या, वकिलांना भेटल्या, पाद्रीबाबांना आपल्या बाजूला वळवलं. मला छपरं आणि हीटिंग कळतं म्हणून त्यांनी न्यासाच्या मंडळावर घेतलं होतं. ह्या एप्रिलमधल्या बैठकीत त्या ठराव मांडणार होत्या. पाच जणांना झाडता येत नाही, मी झाडते, शब्द बदला, असं सरळ सांगणार होत्या. आत जाताना मला म्हणाल्या, "भावजी, आज तुम्ही फक्त गप्प बसा. मला एवढी एक भेट द्या."

नाही दिली मी. बैठक सुरू झाली, वहिनी फाइल उघडत होत्या, तेवढ्यात मंडळावरचे नोटारसाहेब, म्हणजे दस्तऐवजांचे वकील, सहज म्हणाले, "अंगण तर छान दिसतंय. सगळे जण अजून स्वतः झाडतात वाटतं? फ्राउ हेबर्लेसुद्धा?" मला वाटलं म्हातारीवर संकट आलं. धावलो वाचवायला! म्हणालो, "फ्राउ हेबर्ले? अहो, यंत्र आहे यंत्र! त्या झाडायला लागल्या की दगड झिजतात, शेजारच्या गावात धूळ उडते!" सगळे पोट धरून हसले. नोटारसाहेब डोळे पुसत म्हणाले, "आल्झो, मग शब्द बदलायची गरजच काय? ठराव पुढे ढकलू."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या हातात फाइल उघडीच होती. त्यांनी त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर शब्द कदाचित तिथेच गेला असता, आणि त्याबरोबर भर सभेत माझं नाकही. त्यांनी फाइल मिटली. परतताना फाटकाशी म्हणाल्या, "ऑक्टोबरात पुन्हा मांडू." मी म्हणालो, "वहिनी, चुकलो." त्या म्हणाल्या, "दगड झिजतात काय... दगड!" आणि हसल्या. खरंच हसल्या. पण त्यांच्या झाडण्याचा एक उन्हाळा आणि अर्धा शरद मी वाढवून ठेवला. ऑक्टोबरातल्या बैठकीला दहा दिवस होते, तेव्हा तो फोन आला.

त्या अवजड पाच दारांमुळेच त्यांचं हृदय थकलं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी सात नंबरवर टकटक केली आणि थांबलो. आता खरं सांगायचं म्हणजे ह्या बाईंचं घर पणाला लावायचं. शब्द गेला नाही, तर किल्ली त्यांची जाणार. फ्राउ हेबर्लेंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सांगा. नाहीतरी तुम्ही खरं बोललात तर विश्वास कोण ठेवणार आहे?"

तसंच झालं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "फ्राउ हेबर्ले एक फटकारा मारतात. बाकीचं अंगण फ्राउ जोगळेकर झाडायच्या. आणखी चार जणांचंही. एप्रिलमध्ये मी खोटं बोललो." आणि बसलो. सगळे वाट बघत राहिले, कारण माझी गोष्ट एवढ्यात संपत नसते. नोटारसाहेबांनी विचारलं, "ही तुमची नेहमीची गंमत नाही ना?" मला उत्तर देता येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. बहुधा तेवढ्यानेच त्यांना पटलं. शब्द काढण्याच्या बाजूने सातही हात वर झाले. सात म्हणजे सातच.

पण दानपत्रातला शब्द नुसत्या हात वर करण्याने जात नाही. कागद मंजुरीसाठी श्टुटगार्टला सरकारी कचेरीत गेलाय. उत्तर येईपर्यंत 'स्वतः' म्हणजे स्वतःच.

वहिनींची मुलगी घर आवरायला आली होती. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर जर्मनमध्ये येतं. काय काय नेऊ, काय ठेवू करत शेवटी दारातल्या खराट्यापाशी उभी राहिली आणि तो माझ्या हातात दिला. त्याचा दांडा कापलेला आहे. वहिनींची उंची चार फूट, वरचे दहा इंच अंबाड्याचे; इथले लांब दांडे त्यांच्या डोक्याच्याही वर जायचे, म्हणून त्यांनी स्वतः करवत घेऊन तो आपल्या मापाचा केला होता. मी सहा फूट एक इंच. हे मोजून सांगतोय.

गेल्या रविवारी आठ नंबरवाले पाटी मागायला फ्राउ हेबर्लेंकडे गेले. पाटी त्या शनिवारपासून त्यांच्याच दारावर आहे, देतच नाहीत कुणाला. "अहो, तुमची वोखं केव्हाच संपली," ते म्हणाले. त्यावर म्हातारी दारात ताठ बसून म्हणाली, "वोखं? हा शब्द मला माहीत नाही. केर तेवढा कळतो."

आज सहावा शनिवार. साडेसहाला गेलो, टकटक केली, थांबलो. त्या खुर्चीत आल्या, खराटा घेतला, एक फटकारा मारला. दोन पानं सरकली... बरं, दीड. मग त्यांनी खराटा माझ्याकडे दिला आणि मी वाकलो. त्या दांड्याला वाकल्याशिवाय जमिनीपर्यंत पोचताच येत नाही मला. अंगण मोठं आहे, चेस्टनटची पानं अजून पडतायत, आणि मी खाली मान घालून, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, त्यांचं राहिलेलं झाडत जातो.