तपकिरी दाराची खोली

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. आखातातल्या त्या मोठ्या विमानतळावर तपकिरी दाराची खोली नाही. कधी नव्हती. ती मी रचली.

सतत विमानाने फिरणाऱ्यांची एक इंटरनेटवरची मंडळी आहे. तिथे आम्ही एकमेकांसाठी प्रवासाचे रिपोर्ट लिहितो. मी पंपांच्या कंपनीत विक्रीचं काम करतो, कंपनीच्या तिकिटावर फिरतो आणि तिथे 'गगनविहारी' या नावाने ओळखला जातो. चांगला रिपोर्ट कसा असावा, याबद्दल मंडळीत एकमत आहे. सुरुवातीला लाउंज, मग सीट, मग गुडघ्यांपुढची जागा बोटांनी मोजून. जेवणाचा फोटो वरून, पेल्याचा फोटो खिडकीपाशी, विमानात मिळालेल्या मोज्यांचा फोटो पायात घालण्याआधी. कुठल्या देशात उतरलात, तिथे काय पाहिलंत, हे लिहिलं नाही तरी चालतं; बहुतेक वेळा कुणी लिहीतही नाही. मात्र एक गुपित लागतं. इतरांना ठाऊक नसलेली एखादी जागा, एखादी युक्ती. गुपिताशिवायचा रिपोर्ट म्हणजे फोडणीशिवायचं वरण.

काही वर्षांपूर्वी त्या विमानतळावर मला सहा तास काढायचे होते. लाउंजवालीने माझं कार्ड पाहिलं, गोड हसली आणि परत केलं. मग मी एका खांबाशी, चार्जिंगच्या खोबणीजवळ जमिनीवर बसलो. पिशवीत आत्याने दिलेला स्टीलचा डबा होता. दशम्या (दुधात भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या, प्रवासात चार दिवस टिकतात) आणि जवसाची चटणी. भिंतीकडे तोंड करून मी त्या सगळ्या खाल्ल्या. शेवटी चटणीचं बोटसुद्धा चाटलं.

हे रिपोर्टमध्ये कसं लिहिणार? म्हणून लिहिलं: 'फुलांच्या दुकानापुढे डावीकडे वळा. पाटी नसलेलं तपकिरी दार दिसेल. आत पाय पसरता येतील असे सोफे. शाल पांघरलेली एक बाई काहीही न विचारता मसुरीचं गरम सूप आणून देते. कुठल्याही तिकिटावर प्रवेश.'

तो माझा सर्वांत गाजलेला रिपोर्ट. आत्याची मुलगी मंजू कॅनडात असते. तिने तो आत्याला फोनवर वाचून दाखवला. आत्याने लगेच मला विचारलं, "मंग दशम्या कवा खाल्ल्या रे?" सूप प्यालेल्या माणसाने दशम्या कधी खाव्यात? मी म्हणालो, "राहूनच गेल्या गं. डब्यासकट टाकाव्या लागल्या." ती "बरं" म्हणाली. त्यानंतर तिने मला प्रवासाला कधी काही बांधून दिलं नाही. डबा माझ्या कपाटात, जुन्या फायलींच्या मागे.

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"अवी, मी मंजूकडं चालली. एकटी! सहा तास थांबा आहे तिथं, तुह्याच विमानतळावर. मी काही भीत नाही. त्या खोलीत जाऊन पडन. मंजूनं चाकाची खुर्ची सांगतली होती, मीच काढाले लावली. तिले म्हटलं, आपल्या अवीची खोली आहे न! अन् खायचंही काही नेत नाही. सूप मिळतेच."

आत्याचं वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, शिवाय साखर. उपाशी पोटी, पाटी नसलेलं दार शोधत ती त्या मैलभर काचेच्या गल्ल्यांतून फिरणार होती. फोनवर सांगायला तोंड उघडलं आणि "वा, छान" एवढंच बाहेर पडलं. मग डबा फायलींमागून काढला आणि मुंबईहून अमरावतीचं तिकीट घेतलं.

आत्या अकोल्याला असते; तिथून जवळ, अमरावतीला, आता विमान उतरतं. विमान लहान, पंख्यांचं. सवयीने मनात रिपोर्ट सुरू झाला. लाउंज: नाही. जेवण: पाण्याची बाटली आणि शेंगदाणे. मोजे: आपापले. बाटली खिडकीपाशी धरून मी फोटो घेत होतो, तेव्हा शेजारचे गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले. गळ्यात रुद्राक्ष, मांडीवर मिठाईचा खोका.

"साहेब, पाण्यात काही पडलं काय?"

"नाही. फोटो काढतोय."

"बाटलीचा?" त्यांनी खोका सावरला. "आमच्या घरी फिरिज भरून आहेत. या एकदा कॅमेरा घेऊन."

खाली बेलोऱ्याची काळी शेतं आली आणि विमान टेकलं. शिडी उतरून धावपट्टीच्या कडेने चालत बाहेर यायचं. ते गृहस्थ मध्येच थांबून विमानाला हात जोडत होते. मोठ्या विमानतळांवर मी शेकडो वेळा उतरलो असेन. विमानाचे आभार मानणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. फोटो काढावासा वाटला, काढला नाही.

रिक्षाने शहरात आलो. अकोल्याला लगेच निघायला हवं होतं, पण निघवत नव्हतं. ज्याला कबुली द्यायची असते त्याला वाटेत फार भूक लागते. एका गाडीवर गिला वडा (चटणी-दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) घेतला. पहिल्याच घासाला दही शर्टावर सांडलं. गाडीवाला म्हणाला, "पुसू नका, वाळू द्या. मंग दिसत नाही." शर्टाबद्दल बोलत होता, तरी मला लागलं.

स्थानकात अकोल्याची एसटी लागली आणि माझी सगळी हवाई विद्वत्ता संपली. विमानात आधी चढण्याच्या मानाविषयी मी तीन लांबलचक लेख लिहिले आहेत. इथे वलगावच्या एका फुलवाल्या बाईंनी शेवंतीचं गाठोडं खिडकीतून आत टाकलं आणि खिडकीची जागा त्यांची झाली. मी रांग लावून चढलो. रांगेत मी एकटाच होतो. गाठोड्याशेजारी बसायला गेलो तर बाई खालूनच ओरडल्या, "ओ भाऊ! तिथं माही सून बसते!"

"सून कुठे आहे?"

"येऊन राहिली न. तुमी मांगं जा."

सून अकोल्यापर्यंत आली नाही. शेवंती मात्र खिडकीशी आरामात बसून आली. मी मागच्या बाकावर, चाकाच्या वर. मूर्तिजापूरपर्यंत बोलायची वाक्यं जुळवली, तिथून पुढे मोडली. पिशवीतला रिकामा डबा प्रत्येक खड्ड्याला वाजत होता.

जठारपेठेतलं आत्याचं घर मला पाठ आहे. कॉलेजची वर्षं मी तिथेच काढली. काका वकील होते, ते जाऊनही पाटी तशीच आहे. आत भिशीच्या बायका जमल्या होत्या. आत्याला निरोप द्यायला आल्या होत्या, आणि मध्यभागी उघडी बॅग.

"काहून रे, न सांगता?" आत्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "अन् हे दही कोणाच्या लग्नातलं?" मग बायकांकडे वळून, "हाच तो. खोलीवाला."

बायकांनी माझ्याकडे तीर्थक्षेत्र पाहावं तसं पाहिलं. एकीने विचारलं, सूप उपासाला चालते काय. मी म्हणालो, "आत्या, जरा आत ये." ती म्हणाली, "इथंच बोल, सगळ्या घरच्याच आहेत." मग मी तिथेच बोललो.

"ती खोली नाही. मी खोटं लिहिलं होतं."

आत्या हसली. "पाह्यलं? असा आहे हा. मोठेपणा म्हणून नाही. लहानपणी पहिला नंबर आला तरी लपवे."

"आत्या, खरंच नाही."

"हो का? मंग हे काय आहे?" तिने फोन काढला, चष्मा चढवला आणि माझ्या रिपोर्टखालचं वाचायला लागली. एका सदस्याने लिहिलं होतं, 'खोलीत जाऊन आलो, गगनविहारींचे आभार.' दुसऱ्याचं म्हणणं, सोफे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. एका बाईंना सूप कोमट मिळालं होतं. एकाने शालवाल्या बाईंशी गप्पाही मारल्या होत्या. त्या मूळच्या केरळच्या निघाल्या.

मी ते सगळं आधीच वाचलेलं होतं. पहिल्या वेळी घाम फुटला होता. नंतर एकदा तर मलाच वाटलं, असेलही खोली. मीच नीट शोधली नाही. आमच्या मंडळीत हे असंच चालतं. जे दुसऱ्याला दिसलं ते आपल्याला दिसलं नाही, हे कबूल करायला कुणी तयार नसतं. सगळे जमिनीवरच बसले असणार, आपापल्या खांबाशी.

"एवढे लोक लबाड, अन् तू एकटा खरा?" आत्याने फोन बंद केला. भिशीवाल्या बायकांनी माना डोलावल्या. मतदान झालं असतं तर मी पडलो असतो.

मग मी पिशवीतून डबा काढून तिच्यापुढे ठेवला. झाकणावर काकांचं नाव कोरलेलं, त्यांच्या एकसष्टीचं.

आत्याने नावावरून बोट फिरवलं. हसू गेलं होतं.

"हा तं टाकला होता न तू."

"नाही. दशम्या मी खाल्ल्या. सगळ्या. जमिनीवर बसून. सूप वगैरे काही नव्हतं. ते लिहिलं, म्हणून मग तुला तसं सांगावं लागलं."

बायका एकेक करत पदर सावरत उठल्या. कुणाला कुकर आठवला, कुणाला नातू. घर रिकामं झाल्यावर आत्या म्हणाली, "मले वाटलं, तुले आता आपलं काही गिळत नाही. मी एवढी वर्षं तेच धरून बसली."

मी शर्टावरचं वाळलेलं दही नखाने खरवडत राहिलो.

"लाज कशाची वाटली? दशम्यांची का माही?"

"माझी," मी म्हणालो. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. तिच्याही लक्षात आलं असावं. तिने झाकण उघडून आत पाहिलं.

"अन् रिकामा आणला? एवढ्या वर्षानं डबा वापस देते, तो रिकामा?"

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. आत काहीच नसलं तर निदान साखर घालतात. गगनविहारीला हे सुचलं नव्हतं.

"मंजूले फोन लाव," ती उठत म्हणाली. "खुर्ची सांगाले सांग. अन् काहून, ते बी तूच सांग. मी नाही सांगत तुह्या वतीनं."

मंजूला सांगणं आत्याला सांगण्याहून कठीण गेलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "दादा, आईचे पाय पाहिलेस ना तू?" एवढंच. खुर्चीची सोय तिने त्याच दिवशी पुन्हा केली. स्वयंपाकघरातून कणीक मळल्याचा आवाज येत होता. जेवायला मला पातोडीची (बेसनाच्या वड्यांची) भाजी वाढली, तिखट नेहमीपेक्षा अंमळ जास्त. डोळ्यांतून पाणी आलं तरी आत्याने पाणी पुढे केलं नाही.

मुंबईपर्यंत आम्ही रेल्वेने एकत्र आलो. विमानतळाच्या दारात तिच्या खांद्यावरच्या पिशवीत तोच डबा होता, भरलेला. "तिथं भेटली तं खाऊन पाहू दे तुह्या मंडळीले," म्हणाली आणि खुर्चीत बसून, मागे न पाहता आत गेली.

घरी येऊन मी मंडळीला खरं लिहिलं. खोली नाही, सूप नाही, मी खांबाशी बसलो होतो. संचालकांनी ते तासाभरात काढून टाकलं. कारण दिलं, 'अनेक सदस्यांच्या प्रत्यक्ष अनुभवाविरुद्ध एकट्याचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही.' एकाने काळजीने विचारलं, गगनविहारींचं खातं कुणी चोरलं का. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा काढलं गेलं. मग बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच ते फायलींचं कपाट तू मला कधी आवरू देत नव्हतास."

दुसऱ्या दिवशी आत्याचा निरोप आला, तिच्याच आवाजात.

"अवी, पोचली मी मंजूकडं. खुर्ची ढकलणारा पोट्टा चांगला होता. त्याले म्हटलं, फुलांच्या दुकानापुढं डावीकडं घे. अरे, दार आहे तिथं! तपकिरीच आहे. आत झाडू अन् बादल्या. अन् दाराशी आपल्याकडची एक बाई उभी, माह्याएवढीच, हातात फोन. सूप कवा मिळते म्हणून विचारून राहिली होती. झाडूवाला बिचारा हात हलवून नाही नाही म्हणे, तिले पटेच ना. बराच वेळची उभी होती म्हणे. मंग आम्ही दोघी खांबाशी बसलो. मी खुर्चीत, ती खाली. दशम्या खाल्ल्या. तिनं विचारलं, हे खोलीचं कोणं लिहिलं असन हो? मी म्हटलं, काय माहीत बापा. खोटं बोलली मी, तुह्यासाठी. नाव नाही विचारलं तिचं. तिचं विमान लागलं, ती गेली."

चांगला रिपोर्ट कसा असावा, हे आता मला कुणी विचारत नाही. विचारलं तर आत्याचा हा निरोप ऐकवीन. त्यात लाउंज नाही, मोजे नाहीत. कुठे वळायचं, तिथे काय आहे आणि कुठे बसायला मिळेल, एवढं आहे.

आत्या परत येईल तेव्हा तिचा डबा भरून द्यायचा आहे. आणि त्या दाराशी उभ्या राहिलेल्या बाईची मला माफी मागायची आहे. ती मी अजून मागितलेली नाही.