लंकाबाईच्या जिभेवरचं मीठ

लंकाबाई गायधनी सातपूरच्या अशोकनगरात डबे करायची. कारखान्यांत पाळ्यांवर राबणारी, घरदार गावी ठेवून इथे खोल्या करून राहिलेली माणसं तिच्या हातचं जेवायची. नवऱ्याची, मल्हारीची, कंपनी बंद पडली तेव्हा तो दिंडोरीकडच्या गावी शेती बघायला निघून गेला. लंकाबाई मागे राहिली ती डब्यांसाठी. सुरुवातीला शेजारच्या खोलीतल्या दोघांचेच डबे होते. मग त्यांच्या ओळखीने त्यांचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले, आणि बघता बघता घरातली बाहेरची खोली डब्यांच्या रांगांनी भरून गेली.

पहिल्या पाळीचे डबे उजाडायच्या आत निघायचे, दुसऱ्या पाळीचे दुपारी आणि तिसऱ्या पाळीचे रात्री. लंकाबाईची झोप या तिन्हींच्या मधे मधे, सापडेल तिथे. कधी कणीक मळून झाल्यावर भिंतीला टेकून, कधी कुकरची शिट्टी होईपर्यंत. अंथरुणावर सलग अशी ती कधी निजली होती, हे तिलाही सांगता आलं नसतं. कुणी म्हटलं, "मावशी, दमत असाल," तर म्हणायची, "दमून कुणाला सांगू? गॅसला?"

पहाटे उठली की आधी मिसरी. तंबाखू तव्यावर भाजून, चुरून केलेली ती काळी भुकटी बोटाने दातांवर घासल्याशिवाय तिचे डोळे उघडायचे नाहीत. मग रिकाम्या पोटी कपभर चहा. भाजी फोडणीला पडली की पुन्हा मिसरी, पुन्हा चहा. जेवण सगळ्यांचे डबे गेल्यावर, तेही ओट्यापाशी उभ्यानेच. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी जो रस्सा उरायचा, आटून आटून घट्ट झालेला, तो तिच्या वाट्याचा. भाकरी त्यात कुस्करायची, सोबत ठेचा, कैरीचं लोणचं, तळलेला पापड. पापड नसला तर घास उतरायचा नाही. डोकं तर रोजचंच दुखायचं. मानेपासून वर कुणीतरी दोरी आवळत न्यावी तसं. त्यावर ती कपाळाला फडकं घट्ट बांधायची आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली गोळी चहाबरोबर गिळायची. गोळी कशाची, हे तिने कधी विचारलं नाही आणि दुकानदाराने सांगितलं नाही.

तक्रार पहिल्यांदा पुंजारामने केली. पुंजाराम तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, मनमाडकडचा, लेथवर काम करणारा. अबोल माणूस. रिकामा डबा द्यायला आला आणि दारातच घुटमळला.

"मावशी, राग नका मानू. आजकाल भाजी जरा खारट व्हायली."

"खारट? मी चाखून पाहते रोज."

"नाही, म्हणजे... दोघं-तिघं म्हणत होते."

"त्यांना म्हणावं घरी बायकोच्या हातचं खा मग," लंकाबाई म्हणाली आणि डबा हातातून ओढूनच घेतला. पुंजाराम गेला. पण दिवसभर ते तिच्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने वांग्याच्या भाजीची चव दोनदा घेतली. बरोबर वाटली. उलट किंचित अळणीच. म्हणून तिने चिमूटभर मीठ वरून टाकलं.

सूनबाई, तेजस्विनी, पार्लरमध्ये कामाला जायची. तिची वेळ अकराची, त्यामुळे सकाळी चपात्यांना ती हाताशी असायची. त्या दिवशी डबे भरता भरता तिने बोटावर रस्सा घेऊन चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, लई खारट झालंय हो हे."

"तुला काय कळतं? पोळीला जाम लावून खाणारी तू."

"खरंच सांगते. पाणी घालू का थोडं?"

"नको घालूस. पातळ झालं तर परत शिव्या मलाच."

तेजस्विनीने पाणी घातलं नाही, पण डबे झाकताना तिने झाकणं जरा जोरात आपटली, आणि लंकाबाईला ते ऐकू गेलं. तिला राग आला तो सुनेचा नव्हे. राग आपल्या जिभेचा आला. पंचक्रोशीत कुणाचं लग्न असलं तर आचाऱ्याशेजारी तिला उभं करायचे, चव बघायला. तीच जीभ होती ही. तिच्यावर शंका घ्यायची म्हणजे आपण आपणच आहोत का, यावर शंका घेण्यासारखं होतं.

मग एका सकाळी भाताची पेज गाळताना तिला भोवळ आली. भिंत डोळ्यांसमोरून सरकत गेली. नाकातून काहीतरी कोमट ओघळलं. तिला वाटलं सर्दी, पण पदराने पुसलं तर पदर लाल झाला. योगेश, तिचा मुलगा, टेंपोत डबे चढवत होता. तो धावत आला, तिला टेंपोतच पुढे बसवलं आणि त्र्यंबक रोडवरच्या दवाखान्यात घेऊन गेला. डबे मागे तसेच होते. सगळ्या वाटेत लंकाबाईचं एकच, "अरे, पाळी सुरू व्हायच्या आत पोचव ते आधी. माणसं उपाशी राहतील."

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. दंडाला पट्टा बांधून तिने एकदा बीपी बघितलं, थांबून पुन्हा बघितलं.

"मावशी, वरचा आकडा दोनशेला टेकलाय. डोकं दुखत नाही का?"

"दुखतं की. पण ते कामाचं."

"जेवण?"

"साधंच. डबे गेले की उभ्यानेच, उरला-आटला रस्सा नि भाकरी. मधे मधे चहा."

"लोणचं, पापड?"

"त्याच्याबिगर जेवण होतं व्हय?"

"झोप?"

लंकाबाईने योगेशकडे बघितलं, जणू याचं उत्तर त्याने द्यावं. तो खाली बघत होता. मग डॉक्टरीणबाईने बॅटरी घेतली आणि तोंड उघडायला सांगितलं. दातांच्या मुळाशी काळी रेघ बसलेली. "मिसरी?"

"थोडीच. दातांना."

"दिवसातून किती वेळा?"

लंकाबाईने पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाईने स्टूल पुढे ओढलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. तंबाखू दातांवर लावा नाहीतर ओढा, ती रक्तात जातेच आणि बीपी चढवते. झोप नाही, उभ्याने खाणं, दिवसभर चहा, आटलेला रस्सा, लोणचं, पापड. यातलं एकेक बघितलं तर कुणाला काही वाटायचं नाही, पण सगळं मिळून वर्षानुवर्षं नसांवर बसतं. आणि मीठ? "जीभ मिठाला सरावते, मावशी. तंबाखूने चव बोथट होते ती वेगळीच. कालचं तुम्हाला आज अळणी लागतं. मग तुम्ही अजून घालता."

लंकाबाई ऐकत राहिली. ते बीपीचं तिला फार लागलं नाही. चव बोथट होते, हे लागलं. म्हणजे पुंजाराम खरं बोलत होता. म्हणजे इतकी माणसं तिच्यापायी रोज खारट गिळत होती आणि भिडेपोटी गप्प होती.

गोळ्या सुरू झाल्या. डोकं दुखायचं थांबलं. पंधरवडाभर तिने नेमाने घेतल्या आणि मग सोडल्या. कुणाला सांगितलं नाही. बरं वाटतंय तर कशाला, शिवाय शेजारणीने सांगितलं होतं की एकदा ही गोळी लागली की सवयच लागते. मिसरीची सवय चालते आणि गोळीची नाही, यातलं उलटं-सुलटं तिला तेव्हा दिसलं नाही. मिसरी तिने कमी केली होती, निदान तेजस्विनीच्या देखत.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दिवसाढवळ्या, दुसऱ्या पाळीच्या भाकरी थापताना तिचा उजवा हात थांबला. दुखला नाही, थरथरला नाही, नुसता थांबला. हातातली भाकरी निसटून परातीत पडली. ती उचलायला गेली तर बोटं तिची नव्हतीच. "तेजू," अशी हाक मारायची होती. तोंडातून भलताच आवाज आला.

तेजस्विनी त्या दिवशी सुटीवर होती म्हणून घरात होती. तिने सासूचं तोंड बघितलं, एका बाजूला ओघळलेलं, आणि ती किंचाळली नाही. तिने आधी गॅस बंद केला. मग लंकाबाईच्या पाठीमागे बसून तिला छातीशी धरलं आणि योगेशला फोन लावला. रिक्षात बसेपर्यंत बोटं हलायला लागली. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत शब्दही परत आले. तिथे डोक्याचा फोटो काढला, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं होतं, या वेळी आपोआप सुटलं. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. गोळ्या चालू आहेत ना?

"चालू आहेत," योगेश म्हणाला.

"नाय," लंकाबाई कॉटवरून म्हणाली. "मी सोडल्या."

योगेशने तिच्याकडे असं बघितलं की तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रडकुंडीला आला होता.

घरी आल्यावर तिघांनी बसून ठरवलं. तिसऱ्या पाळीचे डबे बंद. लंकाबाईला ते सोसलं नाही. रात्रपाळीची माणसं तर सगळ्यात जास्त डब्यावर अवलंबून. त्यांना बाहेर त्या वेळी मिळतं काय, वडापाव नाहीतर फरसाण. पण वाद घालायला अंगात जोरच नव्हता. योगेशने एकेकाला फोन करून सांगितलं. ती शेजारच्या खोलीतून ऐकत होती. "हो, आईची तब्येत... हो... नाही, आता नाही जमणार."

आणि चव तेजस्विनीने बघायची, हेही ठरलं. हे लंकाबाईनेच सांगितलं. सांगताना ती पातेली घासत होती, पाठमोरी. "माझ्या जिभेचा काय भरवसा नाय राहिला. तूच बघत जा." तेजस्विनीने मिठाचा डबा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "एकदम नको कमी करायला. थोडं थोडं उतरवू. माणसांना कळणारही नाही."

कळलं. दोघांनी डबा बदलला. एकाने खिशात मिठाची पुडी ठेवायला सुरुवात केली. पुंजारामने मात्र काही म्हटलं नाही. फक्त एकदा दारात आला आणि सांगून गेला की त्यालाही कंपनीतल्या तपासणीत बीपी निघालंय, तर लोणचं त्याच्या डब्यात नको.

लंकाबाई आता दुपारी निजते. म्हणजे पडते. पलीकडच्या शेडमधला कॉम्प्रेसर सुरू-बंद होत राहतो आणि ती छताकडे बघत राहते. झोप म्हणजे काय करायचं असतं, हे अंग विसरून गेलंय. कधी लागते, कधी नाही. पापडाविना जेवताना घास तोंडात घोळत राहतो. बसून, ताटात वाढून घेऊन जेवायचं, हे तर तिला पाहुण्यासारखं वाटतं स्वतःच्याच घरात. मिसरी पूर्ण सुटलेली नाही. पहाटेची एक राहिलीय. मिसरीची डब्बी तेजस्विनी बघते आणि न बघितल्यासारखं करते. परवा मात्र तिने डब्बी उचलून नुसती आत काय उरलंय ते बघितलं आणि होती तिथे ठेवली. लंकाबाईने त्या दिवशी लावली नाही. दुसऱ्या दिवशी लावली.

मल्हारी गावाहून आला होता मधे, घेवड्याच्या शेंगा घेऊन. म्हणाला, "चल गावी, महिनाभर पड नुसती." ती गेली आणि आठवडा संपायच्या आत परत आली. तिथे पडून काय करायचं, हे तिला समजलं नाही. परत आल्यावर कळलं, तिच्यामागे तेजस्विनीने पार्लरला सुटी टाकून डबे नीट पाठवले होते, वेळेवर, कुणाची तक्रार नाही. हे ऐकून तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी थकल्यासारखंही. इतकी वर्षं आपण उभं राहिलो नाही तर सगळं कोसळेल असं धरून चालली होती.

गेल्या महिन्यात तेजस्विनीच तिला तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईने पट्टा सोडला आणि मान हलवली. "उतरलंय. अजून हवं तेवढं नाही, पण उतरलंय."

"मग गोळी कधी बंद करायची?"

"बंद नाही करायची, मावशी. ही आता कायमची."

लंकाबाईने ब्लाउजची बाही खाली ओढली. "म्हणजे अजून एक रोजचं काम लागलं," ती म्हणाली, आणि तेजस्विनीच्या खांद्यावर हात ठेवून उठली.