सरळ दात

वडिलांकडून वारशात काय मिळालं, असं कुणी विचारलं की मी नुसता हसून दाखवायचो. वरचे दात ओठांबाहेर डोकावणारे, अगदी वडिलांसारखे. लग्नाच्या फोटोत मी तोंड मिटून उभा आहे, तरी दात आलेतच. पन्नाशीनंतर हिरड्यांनी हात टेकले आणि हा वारसा हलायला लागला. भाकरी सुटली, मग चकली, शेवटी पेरूकडे नुसतं बघणं उरलं.

आई ऐंशीच्या पुढची, येलहंक्याला माझ्याकडेच असते. सकाळचं तिला दुपारी आठवत नाही. सुनेला ती कधी नर्स समजते, कधी शेजारीण. मला मात्र ओळखायची. मी हसलो की म्हणायची, "आलास? अगदी ह्यांचं तोंड घेऊन आलायस." मला चावत नाही, हेही तिच्या पक्कं लक्षात. दहीभात मऊ कालवून माझ्यापुढे सरकवायची. तिच्या आठवणीत उरलेला मी एकटाच, याचा मला जरा गर्वही होता.

डॉक्टरीणबाईंनी वरचे सगळे दात काढले, खालच्यांना रूट कॅनल करून कॅप बसवल्या. माझं बोळकं बघून आई घाबरेल म्हणून हिरड्या भरेपर्यंत तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला थोरल्या भावाकडे, अण्णाकडे ठेवली. मी ऑफिसात मास्क लावून बसायचो. मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायची वेळ आली. हे पसंत पडले की तशीच कवळी होणार होती. तुमचा चेहरा ओळखणारं घरचं कुणी आणा, असं बाईंनी सांगितलं.

आमच्याकडे एकटं माणूस कुठेच जात नाही. सोफा घ्यायलासुद्धा सगळं खानदान. अण्णा आणि वहिनी एवढ्या ट्रॅफिकमधून आले, बायको होतीच, शिवाय उप्पिटाचा डबा. बाईंनी विचारलं, पूर्वीसारखे थोडे पुढे ठेवू का? माझ्याआधी अण्णाच बोलला, "नको, नको. एकदाच संधी मिळालीय, सरळ करून टाका." वहिनी म्हणाली, भावजी आता जाहिरातीत शोभतील. मी आरशात बघितलं आणि मलाही ते पटलं. "सरी, तसंच करा," म्हणालो. आईला आणावं, हे कुणाला सुचलं नाही. तिला काय कळतंय, असंही कुणी म्हणालं नाही. तेवढासुद्धा विचार झाला नाही.

आई परत आली त्या संध्याकाळी नवी कवळी घालून थेट तिच्या खोलीत गेलो आणि तोंडभर हसलो. ती पदर सावरून नीट बसली.

"बसा," म्हणाली. "मुलगा येईलच एवढ्यात."

मी म्हटलं, आई, मीच तो. तिनं पाहुण्यांच्या बोलण्याला डोलवावी तशी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कवळी काढून समोर उभा राहिलो, तर ती खरोखरच घाबरली. तो उद्योग पुन्हा केला नाही.

आता रोज संध्याकाळी मी तिच्याकडे पाहुणा म्हणून जातो. ऑफिसची, हवापाण्याची चौकशी होते. मुलाला यायला उशीर का होतोय, हे ती मलाच विचारते. परवा तिनं उशाशी ठेवलेला डबा उघडला आणि चकल्या पुढे केल्या.

"घ्या, संकोच करू नका. स्वल्प कडक आहेत. माझ्या मुलाला चावत नाहीत."

मी घेतली. कडकडीत होती, एका चाव्यात मोडली. डॉक्टरीणबाईंच्या कामात खोट काढायला जागाच नाही.