नवरीच्या ड्रेसला खिसा

लेकीला लग्नाच्या ड्रेसला खिसा हवा होता. आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढरं नेसते. साडी नको, घोळदार ड्रेस शिवू, इथपर्यंत मी मुकाट्यानं आले होते. पण खिसा? हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागल्यापासून मोबाईल हा तिचा अवयवच झाला होता. "बुद्धवंदनेच्या वेळी तो काय डोक्यावर ठेवू?" असं तिनं मलाच विचारलं. कर्वे रोडवरच्या बुटीकवालीनं "खिशानं घेर नीट पडत नाही, मॅडम" म्हणून हात झटकले आणि मी रागाच्या भरात बोलून गेले, "मी शिवते!"

बोलून गेले खरी, पण मशीन होतं कुठे? लेकीचे फ्रॉक, परकर, शाळेचे गणवेश, सगळं मी त्याच पायमशीनवर शिवलं होतं. मग गल्लोगल्ली रेडीमेडची दुकानं आली आणि मशीनवर आमचा पहिला कॉम्प्युटर येऊन बसला. तो भंगारात गेला तरी त्याच्या वायरी आणि ह्यांचे जुने पेपर तिथेच. ते हलवायला ह्यांना पंधरवडा लागला. निवृत्त माणसाला एवढी कामं असतात, हे मला माहीत नव्हतं.

मशीन पुसलं, तेल दिलं, चिंध्यांवर शिवून शिवून जादा तेल काढलं. रविवार पेठेतून पांढरं सिल्क आणलं. पण माप द्यायला लेकीला वेळ कुठे? "पुढच्या शनिवारी नक्की" असे किती शनिवार गेले, विचारू नका. शेवटी वारज्याला घरी आली ती फोन कानाला लावूनच. एका हातानं फोन धरलेल्या मुलीचं माप कसं घ्यायचं, हे आमच्या शिवणक्लासात कुणी शिकवलं नव्हतं.

दोनदा उसवलं, पण जमलं. खिसा तर असा बेमालूम बसला की बुटीकवालीला नेऊन दाखवावासा वाटला. गळ्याची शिवण तेवढी राहिली होती. दुपारची जेवणं आवरून बसले, पाय मारला आणि गळ्याशी, अगदी समोर, तेलाचा काळपट डाग उमटला.

"मशीन कुरकुरत होतं," हे म्हणाले, "म्हणून मघाशी जरा तेल सोडलं."

बिजागऱ्या, कुलपं, सायकल, पंखा, घरातलं काहीही या माणसाच्या तेलाच्या डबीतून सुटलेलं नाही.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"तू भांडी घासत होतीस."

खडूची पूड झाली, पावडर झाली, साबण झाला. डाग फिकट पिवळा झाला, पण गेला नाही. नवं कापड आणून पुन्हा शिवायला दिवस उरले नव्हते. फोनवर लेक म्हणाली, "राहू दे गं आई, मी रेडीमेड घेते. चिल." मी चिल झाले नाही, मी रडले. यानंतर तिच्यासाठी काही शिवायची वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि ते मला फार लागलं.

लग्नाच्या सकाळी ती माझाच ड्रेस घालून समोर उभी! रेडीमेड ड्रेस पलंगावर तसाच पडलेला.

"त्याला खिसा नाही," एवढंच म्हणाली.

मी ओढणीची घडी बरोबर डागावर आणली आणि पिनांवर पिना लावून पक्की केली. "हलू नकोस," म्हणून बजावलंही.

वंदना होईपर्यंत ती हलली नाही. मग फोटोंच्या वेळी तिच्या आत्यानं विचारलं, "ड्रेस कुठून घेतलास गं?"

"आईनं शिवलाय." आणि ओढणी बाजूला सारून म्हणाली, "हा डाग मात्र बाबांचा."

हे असे खुशीत हसले, जणू भरतकाम केलं होतं. मी तणतणत ओढणी सारखी करायला पुढे झाले, तर एकही पिन जागेवर नाही. लेकीनं खिशात हात घातला आणि सगळ्या पिना माझ्या तळहातावर ठेवल्या.