कोऱ्या संचापुढची हिरवी खूण

माझी वहिनी माहितीपत्रकं लिहिते. म्हणजे यंत्राबरोबर जी घडी घातलेली पुस्तिका येते आणि जी तुम्ही न वाचता खणात टाकता, ती. लग्न होऊन आली तेव्हा दादा कौतुकानं सांगायचा, "लेखिका आहे," आणि लोक विचारायचे, कथा लिहिता की कविता? वहिनी म्हणायची, "गिझर." ती अजिबात विनोद करत नव्हती.

तिची एक खोड आहे, आणि ती काही जाणार नाही. स्वतःच्या हातानं करून पाहिल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नाही. 'झाकण डावीकडे फिरवा' असं लिहायचं असलं तर आधी उजवीकडे फिरवून बघणार. आमच्या घरातल्या तीन बरण्यांची झाकणं त्यात कामी आलीत. दादा म्हणतो, हिला सरळ रस्ता दाखवला तरी ही आधी खड्ड्यात उतरून येईल. म्हणू दे. खड्डा कुठे आहे हे घरात फक्त तिलाच ठाऊक असतं.

तीन वर्षांपूर्वी ती आमच्या कंपनीत कंत्राटावर लागली. मी तिथेच ग्राहकांचे फोन घेते. आमची गिऱ्हाइकं म्हणजे एआय एजंट वापरणाऱ्या संस्था. एजंट हा माणसाच्या वतीनं कामं उरकणारा प्रोग्राम. कोणाला भेटीची वेळ देईल, कोणाच्या प्रश्नाला उत्तर देईल. त्याला कामाला लावण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. या परीक्षेतल्या प्रश्नांच्या गठ्ठ्याला चाचणीसंच म्हणतात, आणि कुठल्या एजंटसाठी कुठले संच आहेत याची यादी दाखवणारं साधन आम्ही विकतो. एक आज्ञा टाइप केली की यादी येते. संचाच्या नावापुढे हिरवी खूण असली की तो पास. या साधनाची माहिती लिहायचं काम वहिनीकडे होतं, आणि ते झालं की तिला कायम करू असं साहेबांनी सांगितलं होतं. दादाचं दुकान नुकतंच बंद पडलेलं. अख्खं घर तिच्या कायम होण्याच्या कागदाकडे डोळे लावून बसलं होतं.

साहेबांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'होऊनजाईल' म्हणतात, कारण कशालाही त्यांचं तेवढंच उत्तर असतं.

वहिनीला साधनाच्या माहितीच्या पानावर एक वाक्य लिहायचं होतं: हिरवी खूण म्हणजे संचातल्या सगळ्या चाचण्या पास. झालं, खोड जागी झाली. तिनं एक चाचणी मुद्दाम चुकवली. लाल खूण आली. ठीक. मग तिनं एकही चाचणी नसलेला कोरा संच बनवला आणि यादी मागवली, तर त्याच्यापुढे हिरवी खूण. एकही चुकलं नाही ना, मग पास.

तिनं मला हातानं बोलावून घेतलं. "अगं, कोरी उत्तरपत्रिका पास होतेय." मग दुपारभर ती गिऱ्हाइकांचे संच एकेक करून उघडत बसली. एका दवाखान्याचा एजंट होता, रुग्णांना औषधांबद्दल उत्तरं देणारा. त्याच्या 'औषधाची मात्रा' या संचात काही म्हणजे काही नव्हतं. आमच्याच कोणीतरी वर्षापूर्वी नाव देऊन ठेवलं आणि नोकरी सोडून गेला. वर्षभर त्या नावापुढे हिरवी खूण दिसत होती.

ती साहेबांकडे गेली. खूण दुरुस्त करा म्हणाली. साहेब म्हणाले, "होऊन जाईल."

"कधी?"

"पुढच्या आवृत्तीत."

"मग तोवर मी पानावर लिहिते."

आणि लिहिलं: संचात एकही चाचणी नसेल तरीही हीच हिरवी खूण दिसते, म्हणून चाचण्यांचा आकडा तपासा. साहेबांनी ते वाक्य काढलं. हिनं परत घातलं. त्यांनी काढलं, हिनं घातलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. मी तक्रारींची यादी घेऊन तिथेच उभी होते, म्हणून हे ऐकीव नाही.

"कशाला हात दाखवून अवलक्षण?" साहेब म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ रिकामी आहे, साहेब. आणि तिच्या भरवशावर लोक औषध घेतायत."

"तुमचा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे, एवढं लक्षात असू द्या."

"आहे लक्षात. वाक्य काढायचं तर काढा. पण मग पानाखालचं माझं नाव काढून तुमचं घाला."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण स्वतःचं नाव घालायची छाती काही झाली नाही. पान वाक्यासकट गिऱ्हाइकांकडे गेलं.

घरी जाताना मी तिच्यावर उखडले. एक ओळ गिळली असतीस तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "मी गिळली असती गं. पण मग आजारी माणसानं काय गिळायचं?" मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते, पण आला होता हे खरं.

चार दिवसांनी त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा फोन माझ्याकडेच आला. "तुमचं पान वाचलं. आमच्या मात्रेच्या संचात किती चाचण्या आहेत?" काय सांगायचं याचा छापील कागद माझ्यापुढे होता: खूण हिरवी असल्यास काळजीचं कारण नाही असं सांगावं. माझी पाचावर धारण बसली. दोघींच्या नोकऱ्या त्याच साहेबांच्या हातात, आणि घर एकच.

"एकही नाही," मी म्हटलं.

बाईंनी तासाभरात एजंट बंद करायला लावला आणि रुग्णांनी खरोखर विचारलेले चाळीस प्रश्न पाठवून दिले. ते संचात घालून चालवले. सात चुकले. त्यातल्या एकात एजंटनं दोन वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाचा डोस द्यायला सांगितलं होतं.

संध्याकाळी साहेब आमच्या टेबलांपाशी आले. माझ्याकडे बघितलंच नाही. वहिनीला म्हणाले, "तुम्हाला कायम करता येणार नाही. महिनाअखेरीपर्यंतच या."

वहिनीनं पडद्यावरून नजर काढली नाही.

"बरं," ती म्हणाली. "तोवर ते चुकलेले सात प्रश्न मला पाठवा. पानावर उदाहरण म्हणून हवेत."