मंगळवारी झालेला युवा रविवार

"साहेब, तिला नर्स व्हायचंय. हे गोडाऊन काही तिचं कायमचं ठिकाण नाही!" मी असं म्हणालो आणि समोर उभ्या असलेल्या साठ-सत्तर माणसांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांत करुणाही होती. तिने डोळे मिटून घेतले.

सोमवारची सकाळ, सव्वासहाची वेळ. अंजूरफाट्याच्या बाजूचं एक गोडाऊन. शिफ्ट मॅनेजर भोईर साहेब ब्रीफिंग घेत होते. ब्रीफिंग म्हणजे शिफ्ट सुरू होण्याआधीची पाच मिनिटं. आज माल किती, कुठल्या रांगेत लादी ओली आहे, कोणी कुठे उभं राहायचं, एवढंच सांगायचं असतं. त्या पाच मिनिटांत बाहेरच्या माणसाने तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं. त्यात माझा आवाज माइक नसला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तोवर मला त्याचा अभिमान होता.

मी भिवंडीतल्या एका छोट्या मराठी चर्चमध्ये युथ वर्कर आहे, म्हणजे युवकांसाठी नेमलेला पगारी माणूस. लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" बायकोही विचारते. चर्चमधल्या तरुण मुलामुलींचा एक तरुण संघ असतो. त्यांच्या बैठका घ्यायच्या, गाणी बसवायची, कोणाची नोकरी गेली, कोणाचं घरी भांडण झालं, कोण नापास झालं ते बघायचं आणि सगळ्यांना प्रोत्साहन द्यायचं. वीस-बावीस वर्षं मी हेच करतोय. सुरुवातीला पोरं मला दादा म्हणायची, आता अंकल म्हणतात. बढती झाली ती एवढीच.

आमच्या संघातली निम्मी पोरं गोडाऊनमध्ये आहेत. करुणा त्यातलीच. वय एकोणीस, गाव जालन्याकडचं, कशेळीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. काम पिकिंगचं. हातातलं मशीन सांगेल त्या रॅकवरून ती वस्तू उचलायची, टोपलीत टाकायची आणि पुढच्या रॅककडे जायचं. त्या गुरुवारी दुपारी एक वाजता ठाण्याला तिची नर्सिंगची प्रवेशपरीक्षा होती. ही दुसरी खेप. घरी ठरलं होतं की या वेळी नाही झालं तर शिक्षण बंद, आणि मामांनी आणलेलं स्थळ बघायचं. स्थळाचं पेट्रोलपंपावर चांगलं चाललं होतं, त्यामुळे मामा फार उत्साहात होते.

अडचण अशी की तिची शिफ्ट सकाळी साडेसहा ते दुपारी साडेतीन. आणि तो आठवडा सेलचा. मोबाइलवर लोक धडाधड खरेदी करतात तेव्हा इकडे सगळ्यांच्या रजा बंद असतात. तिने अर्ज दिला होता, पण उत्तर नव्हतं. म्हणून मी, न विचारता, तिच्या मदतीला धावलो.

ब्रीफिंग संपल्यावर भोईर साहेबांनी मला रॅकच्या आड नेलं. माणूस अंजूरचाच, बोलायला साधा.

"दादा, तुमी हे काय केलंत?"

"विनंती केली, साहेब."

"विनंती कानात करायची असते. पोरीचा अर्ज माज्याकडं कवाचा पडलेला हाय. घरगुती काम, दहाला लवकर सुट्टी. मी गुपचूप सही मारनार होतो. आता सगल्यांसमोर बोललात. एकीला सोडली तर उद्या वीस जण लायनीत उभे ऱ्हातील. आता न्हाय सोडता येनार मला."

"पण तिची परीक्षा आहे हो!"

"ते मला ठाव व्हतं. ठाव न्हाय असं दाखवीत व्हतो. तेवडीच तर सोय व्हती."

मी बाहेर आलो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "आपल्या थोरल्याच्या इंटरव्ह्यूच्या वेळीही तुम्ही असेच साहेबांशी बोलून आला होतात. तो अजून शोधतोय."

आता सुवार्ताबद्दल सांगतो. सुवार्ता चोवीस वर्षांची, त्याच शिफ्टमध्ये, त्याच पिकिंगवर. तरुण संघाची सेक्रेटरी. आमच्याकडे वर्षातून एकदा युवा रविवार असतो. त्या दिवशी सगळी उपासना तरुण चालवतात. वाचन त्यांचं, गाणी त्यांची, उपदेशही त्यांच्यातल्याच कोणीतरी करायचा. दरवर्षी उपदेशाला कोणाचा तरी कॉलेजात शिकणारा मुलगा उभा राहायचा आणि मी लिहून दिलेलं वाचायचा. या वर्षी मी सुवार्ताचं नाव सुचवलं. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू आणि माझे बॉस, जरा अडखळले. "बोलेल ती? सभेत कधी तोंड उघडलेलं पाहिलं नाही." मी म्हणालो, माझी हमी. ते म्हणाले, मग मजकूर तुम्ही तपासा.

तिने दोन पानं लिहून आणली. विषय होता गोडाऊनमधला तिसरा दिवस. नवीन पोरगी कामाला लागली की पहिला दिवस नवलाईत जातो, दुसरा हट्टात. तिसऱ्या दिवशी पाय सुजतात, मशीन ओरडत राहतं आणि पोरगी रॅकच्या मागे जाऊन रडते. त्या वेळी जी कोणी "चल, पाणी पी" म्हणते, तिच्यामुळे ती पोरगी टिकते. एवढंच होतं. मी लाल पेन घेतलं आणि त्या दोन पानांची नऊ पानं केली. त्यात 'आजच्या गतिमान युगात' दोनदा आलं. तिने पानं घेतली, थँक्यू म्हणाली आणि पुन्हा त्याबद्दल बोलली नाही.

त्या उपदेशासाठी तिने दोन महिने आधीपासून रविवारचा वीकली ऑफ मागून ठेवला होता. गोडाऊनमध्ये आठवड्याची सुट्टी प्रत्येकाला वेगळ्या वारी मिळते. तिची एरवीची मंगळवारी. सेलच्या आठवड्यातला रविवार मिळवणं म्हणजे काय, हे तिथं काम करणाऱ्यालाच कळेल.

सोमवारी संध्याकाळी मी चर्चच्या मागच्या खोलीत बसलो होतो. शेजारी लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, त्याची खडखड भिंतीतून येते. सुवार्ता आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "अंकल, करुणाचं झालं."

"काय झालं?"

"गुरुवारचा ऑफ मिळाला. शबनमदीदींचा गुरुवार करुणाला, करुणाचा शनिवार मला आणि माझा रविवार शबनमदीदींना. तिघींची कामं सेम, शिफ्ट सेम. तिघींनी सही केली की नियमात बसतं. कोणाला काही मागायलाच नको."

शबनम म्हणजे त्यांच्याच रांगेतली चाळिशीची बाई. तिला मी नंतर भेटलो. मला म्हणाली, "मेरा छोटा होस्टल में है भाईसाब. मिलने देते हैं तो बस संडे को. तीन महीने से संडे नहीं मिला था. मैंने बोला, गुरुवार लेके मैं क्या करूँ, लड़की ले ले." या साखळीत आपण कोणावर उपकार करतोय असं तिला वाटलंच नव्हतं. सुवार्ताने प्रत्येकीला काय हवंय ते आधी विचारलं होतं. मला ते कधी सुचलं नसतं.

पण सोमवारी हे ऐकताना मला फक्त रविवार दिसत होता. माझी हमी, पाळकसाहेबांचा चेहरा, बाहेरून बोलावलेले पाहुणे. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सुवार्ता, तू विचार कर. ही संधी पुन्हा येणार नाही. करुणा काय, पुढच्या वर्षीही परीक्षा देऊ शकते."

बोललो आणि लगेच कळलं की काय बोललो. सुवार्ता माझ्याकडे पाहत राहिली. मग भिंतीकडे हात करून म्हणाली, "लूमच्या आवाजात काही ऐकू आलं नाही अंकल. तुम्ही म्हणालात ना, की चांगलं केलंस?"

"हो," मी म्हणालो. "तेच म्हणालो."

दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म दिला. मी बाहेर रिक्षात बसून होतो. आत काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. भोईर साहेबांनी तिन्ही सह्या पाहिल्या आणि म्हणाले, "यात माजी मेहेरबानी कुटंच न्हाय. म्हंजे लायनीत बी कोन उभा ऱ्हानार न्हाय. बरं हाय." सही केली. मग विचारलं, "तुमचे ते दादा कुटं हायत?"

"बाहेर रिक्षात बसलेत."

"बसू दे."

परतताना मी सुवार्ताला म्हणालो, "रविवारी तुझा उपदेश मी वाचून दाखवतो." मला वाटलं, तिला बरं वाटेल.

ती म्हणाली, "नको अंकल. राग मानू नका. तुमच्या आवाजात ते तुमचं होईल. माझं आहे ते."

मी राग मानला नाही असं लिहायला हवं. थोडा मानला. अंजूरफाट्यापासून चर्चपर्यंत.

बुधवारपर्यंत आणखी एक गोष्ट कळली. करुणाचा शरीररचनेचा भाग कच्चा होता. मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पुस्तक आत नेता येत नाही. तेव्हा सुवार्ताने रॅकनाच हाडांची नावं देऊन टाकली होती. पहिली रांग कवटी, दुसरी मान, मग बरगड्या, पाठीचा कणा, शेवटची रांग पायाची बोटं. करुणा माल उचलत फिरायची आणि मनात त्या त्या रांगेची हाडं म्हणायची. समोरून टोपली ढकलत जाणारी मैत्रीण फक्त "चौथी, डावीकडून तिसरं?" एवढं विचारून पुढे निघायची. पिकिंगची गती कमी झाली नाही, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. शबनमलासुद्धा मनगटाची आठही हाडं पाठ झाली होती. दर रविवारी दुपारी मी यांना 'ध्येय कसं गाठावं' यावर स्लाइड दाखवत होतो.

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि करुणाला स्कूटरवर घेऊन निघालो. एवढं तरी आपल्या हातून व्हावं. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. एका ट्रेलरच्या मागे अडकल्यावर मी सुरू झालो. "करुणा, घाबरायचं नाही. आत्मविश्वास ही अशी गोष्ट आहे की..."

मागून आवाज आला, "अंकल, थोडं गप्प बसाल का? मी पाचव्या रांगेत आहे."

मी गप्प बसलो. पूल संपेपर्यंत, ठाणं येईपर्यंत, सेंटरचं गेट दिसेपर्यंत. एक शब्द बोललो नाही. माझ्या ओळखीचे लोक यावर विश्वास ठेवत नाहीत. ती उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं, कपाळावरचा घाम ओढणीने पुसला आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "हाडांचे सगळे आले." दुसरं काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

राहिला रविवार. शुक्रवारीच मी पाळकसाहेबांकडे गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, ब्रीफिंगमधल्या माझ्या भाषणासकट. लूमच्या आवाजात न ऐकू आलेलं वाक्यही सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग तुम्हीच उपदेश करा."

खोटं कशाला लिहू, मन हललं. नऊ पानं घरी तयार होती. पण मी म्हणालो, "साहेब, तो दिवस तिचा आहे."

रविवारी उपासनेत नेहमीप्रमाणे पाळकसाहेबांनीच उपदेश केला. पण आधी ते पुढे येऊन म्हणाले, "आज युवा रविवार आहे. ज्यांनी बोलायचं होतं, त्या या क्षणी गोडाऊनमध्ये उभ्या आहेत. कारण त्यांनी आपला दिवस एका बहिणीला दिला आहे. त्यांची सुट्टी मंगळवारी असते. तेव्हा आपला युवा रविवार येत्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता होईल." पहिल्या बाकावरचे एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "रविवार मंगळवारी?" पाळकसाहेब म्हणाले, "हो. गोडाऊनमध्ये चालतं, आपल्याकडेही चालून जाईल."

मंगळवारी चर्च भरलं. रविवारी कधीच न दिसणारी पोरं आली होती, कारण पहिल्या शिफ्टला संध्याकाळ मोकळी असते. आमच्या बैठका रविवारी दुपारी चारला ठेवून 'आजची पिढी येत नाही' असं मी अहवालात कित्येक वर्षं लिहीत आलो होतो. मागच्या बाकावर शबनम होती, करुणाने तिला आणलं होतं. सुवार्ता पुढे आली. हातात तिची दोनच पानं होती, लाल शाई न लागलेली. तिसऱ्या दिवसाबद्दल बोलली. सहा मिनिटं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत नीट पोचत नव्हता, त्यामुळे मागचे लोक पुढे सरकून ऐकू लागले. मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या वेळी लोक मागे सरकतात.

निकाल पावणेदोन महिन्यांनी लागला. करुणाला दुसऱ्या यादीत जागा मिळाली, नाशिकच्या बाजूला. वडील स्वतः पोचवायला गेले. मामा अजून रुसलेले आहेत. भोईर साहेबांनी तिला शेवटच्या दिवशी ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर पेढा दिला आणि म्हणाले, "आता बोलायला हरकत न्हाय."

आमच्या बैठका आता मंगळवारी संध्याकाळी होतात. वेळ आणि विषय सुवार्ता ठरवते. मी खुर्च्या लावतो.

चर्चच्या कमिटीला मला दर महिन्याला अहवाल द्यावा लागतो. त्यात एक रकाना असतो, 'युवकांच्या प्रोत्साहनासाठी कार्यकर्त्याने केलेले कार्य'. एरवी तो भरायला मला जागा पुरत नाही. त्या महिन्यात मी लिहिलं, 'एकदा बोललो, त्याने नुकसान झालं. एकदा गप्प बसून स्कूटर चालवली.'

पाळकसाहेबांनी खाली सही केली आणि शेरा मारला, 'दुसरे कार्य वाढवावे.'