अ‍ॅग्नेसमावशीची अख्खी लादी

अ‍ॅग्नेसमावशीने जन्मात पावाचा एक तुकडा टाकला नाही.

आज सकाळी ती गेली.

चौऱ्याण्णव साली आम्ही बोळिंजला राहायला आलो, तेव्हा समोरचं दार तिचं. मूळची भुईगावची. नवरा वारलेला, एकुलता एक नेल्सन बोटीवर. त्याचा फोन दोन-तीन महिन्यांनी एकदा.

सकाळी धुक्यातून पाववाल्याच्या सायकलचा भोंपू यायचा. अर्धवट झोपेत मला तो फार लांबून आल्यासारखा वाटे.

मावशी रोज अख्खी लादी घ्यायची.
खायची दोन पाव.

उरलेले बाल्कनीत सुपात वाळत पडायचे. वर झाकायला तिच्या लग्नातली डोक्यावरची पांढरी जाळी. वाऱ्याने ती हलकेच फुगायची, आणि दुपारभर मी खिडकीतून बघत बसायचे.

मग त्या पावांचं काय काय व्हायचं! चुरा कटलेटला. तुकडे दूध-अंड्यात भिजवून, गूळ-जायफळ घालून पुडिंग. सगळा मजला त्या वासात तरंगायचा.

मी एकदा कढीपत्ता घालून फोडणीचा पाव केला. चाखून म्हणाली, "हा तुमच्या पोह्यांचा चुलतभाऊ गो!"

आणि मग मी शहाणपणा केला.

पाववाल्याला परस्पर सांगितलं, "मावशींना उद्यापासून अर्धीच लादी द्या. शिळी होते."

दुसऱ्या दिवशी ती अर्धी लादी हातात घेऊन माझ्या दारात.

"हे तू सांगितलंस?"

"मावशी, उगाच उरतात ना…"

"नेल्सन एका वेळी सहा खातो. बोटीवरचा माणूस कळवून येतो काय? उद्या दारात उभा राहिला तर काय सांगू? की लादीत तुझं धरलं नव्हतं?"



कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं रोज प्रार्थनेत मी 'अवर डेली ब्रेड', म्हणजे आपला रोजचा पाव, मागितला होता. तो आपल्या एकट्यासाठी नसतो, हे मला तेव्हा कळलं.

तिने जाऊन आपलं दार लोटून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवस वास नाही, हाक नाही.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः खाली गेले, अख्खी लादी आणली आणि तिच्या ओट्यावर ठेवली.

तिने लादीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझ्याकडे कालचे आहेत? आण. आणि दूध पण आण, नुसती उभी काय राहतेस?"

पुडिंग मी त्या दिवशी शिकले.

नेल्सन आला. आठ महिन्यांनी, न कळवता, सकाळी सकाळी. चहात बुडवून सहा पाव खाल्ले. त्याच्या डोक्यावरून मावशीने माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घालून हसले.

तो परत गेला. पुढे परदेशातच स्थायिक झाला. लादी मात्र कधी अर्धी झाली नाही.

उद्या सकाळी तो पोचतोय. या वेळी कळवून.

मघाशी तुझं घर उघडलं, मावशी. सुपात कालचे पाव होते, वर जाळी. तशीच ठेवलीय.

पाववाल्याला सांगून आलेय. अख्खी.

त्याचं धरलंय गं. तू आता नीज.